सालोमालोचे अक्षर

श्रोतेहो, गेल्या कार्तिकी एकादशीला आमच्या जुन्या इंदुरातील भजनी मंडळात एक लहानशी गोष्ट घडली. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारेच अक्का म्हणतो, या मंडळात गेली चाळीसएक वर्षे अभंग सांगत आली आहे. ती ओळ सांगते आणि बाकीच्यांनी ती उचलावयाची, अशी तेथील रीत आहे. त्या दिवशी ती मध्येच थांबली. गाथेचे पान तिने डोळ्यांजवळ नेले, मग दूर धरले, पुन्हा जवळ आणले आणि पुस्तक मिटून शेजारच्या बाईंच्या हाती दिले. ‘तुम्ही सांगा,’ एवढेच म्हणाली. पुढच्या एकादशीला ती आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही.

वयोमानाने दृष्टी मंदावते, त्यात नवल ते कोणते? डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून झाला होता. राहिलेला दोष डोळ्याच्या पडद्याचा, आणि त्यावर फारसा इलाज नाही. भिंग आणून दिले. पण भिंगाखाली ओळीचा एक तुकडा दिसतो आणि अभंग तुकड्यातुकड्याने सांगता येत नाही. माझी भाची संगणकावर छपाईची कामे करते. ती म्हणाली, ‘मामा, त्यात काय एवढं? अक्षर मोठं करून छापून देऊ.’ दिले. अक्काने चार पाने वाचली आणि चार ठिकाणी अडखळली. ‘धन’चे ‘घन’ झाले, ‘भाव’चा ‘माव’ झाला, आणि ‘ख’ आला की ती ‘रव’ म्हणून पुढे जाई आणि अर्थ लागेना म्हणून मागे येई. मोठ्या केलेल्या अक्षरातील संदिग्धताही तेवढीच मोठी झाली होती.

मी आयुष्यभर चित्रकला शिकविली. त्याआधी, विशीच्या आतबाहेर, एका बोर्डपेंटराच्या हाताखाली टॉकीजचे बॅनर रंगविले. कापडावर चौकटी आखावयाच्या, खडू लावलेले सूत ताणून रेघ मारावयाची, अळशीच्या तेलात रंग खलावयाचा आणि उस्तादांनी नायिकेचा चेहरा काढला की खालची अक्षरे मी भरावयाची. इंदूरच्या माणसाला या धंद्याचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही. देवळालीकर मास्तरांच्या कलाशाळेने ज्या गावाला बेंद्रे आणि चिंचाळकर दिले, त्याच गावचे हुसेन मुंबईस जाऊन पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवीत होते. तेव्हा अक्काची अडचण पाहून मला वाटले की हे अक्षर आपणच काढावे. मी तिला विचारले, ‘तुला कसलं अक्षर हवं?’ अक्काने जे उत्तर दिले त्यापायी माझे पुढचे आठ महिने गेले. ती म्हणाली, ‘सिनेमातला तुकाराम बोलतो ना, तसं. ओरडत नाही, पण मागं बसलेल्यालाही ऐकू येतं.’

तिचा रोख ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या बोलपटाकडे होता. आमच्या लहानपणी हा बोलपट जुना झालेला होता, पण एका वाड्याच्या चौकात पांढरे कापड ताणून तो दाखविला गेला, आणि अक्काला गाथेची गोडी तेथेच लागली. प्रभात फिल्म कंपनीच्या या चित्राचे दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघांनाही घडविले ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने. ज्या गुरूच्या आडनावाचीच जागा ‘पेंटर’ या शब्दाने घेतली, त्याच्या कारखान्यात पडदे रंगविणे, मूर्ती घडविणे आणि यंत्रे जुळविणे ही कामे एकाच हाताने होत. पुढे १९२९ साली हे शिष्य शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. १९३३ साली ती कोल्हापुराहून पुण्यास आली. तेथे फत्तेलालांकडे कलाविभाग आणि दामल्यांकडे ध्वनी होता. म्हणजे एकाने डोळा सांभाळला आणि दुसऱ्याने कान. ‘तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

दिग्दर्शकाच्या शैलीवरून अक्षर काढावयाचे, ही कल्पना ऐकून आमच्या भाचीला हसू आले. पण ती वाटते तितकी चमत्कारिक नाही. सत्यजित राय यांनी स्वतःच टाइप काढले होते. शांतिनिकेतनात चित्रकला शिकून ते १९४३ साली कलकत्त्यातील एका जाहिरातसंस्थेत लागले, सिग्नेट प्रेससाठी त्यांनी पुस्तकांची वेष्टने केली, आणि त्यांचे ‘रे रोमन’ व ‘रे बिझार’ हे रोमन लिपीतील टाइप आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नावाजले गेले. ‘एक्षण’ नावाच्या बंगाली नियतकालिकाच्या वेष्टनावर त्या नावातील तीनच अक्षरे ते दर वेळी निराळ्या रूपात मांडीत. अमेरिकेतील वुडी ॲलन यांची तऱ्हा याच्या उलट. १९७७ च्या ‘ॲनी हॉल’पासून त्यांनी नामावलीसाठी ‘विंडसर’ नावाचा एकच टाइप इतका नेमाने वापरला की अक्षर पाहताच माणूस आठवावा. परंतु राय यांच्या बाबतीत चित्र काढणारा हात आणि अक्षर काढणारा हात एकच होता. दामले आणि फत्तेलाल यांनी टाइप मागे ठेवला नाही. त्यांच्या बोलपटाच्या शीर्षकपाट्यांवरील अक्षरे उचलून त्यांची वर्णमाला वाढविणे सोपे गेले असते, पण ती नक्कल झाली असती. मला पाटीवरचे अक्षर नको होते. पाटी सरकल्यानंतर जे सुरू होते ते हवे होते.

म्हणून आम्ही तो बोलपट पुन्हा पाहिला, एकदा नव्हे, बारा-तेरा वेळा. मी वही घेऊन बसे आणि भाची सांगेन तेथे चित्र थांबवी. पहिल्या दोन वेळा माझ्या वहीत फक्त नक्षी जमा झाली: देवळाचे खांब, कमानी, समईचा आकार, पागोट्याचे पेच, शेवटी येणाऱ्या पुष्पक विमानाचे पंख. बॅनर रंगविलेल्या हाताला दुसरे काय सुचणार? ती सारी नक्षी मी अक्षरांत घातली. ‘क’च्या पोटाला समईचा घाट दिला, वेलांटीला विमानाचा पंख लावला, ‘ळ’च्या दोन गाठींचे दोन टाळ केले आणि उकाराच्या टोकाला बुक्क्याएवढा टिपका ठेवला. महिनाभर खपून पंचेचाळीस अक्षरे झाली. मला ती फार आवडली, हे कबूल केले पाहिजे. एक अभंग त्यांत छापून मी अक्कापुढे ठेवला.

तिने पान बराच वेळ पाहिले. वाचले नाही, पाहिले. मग म्हणाली, ‘बाळ, हा तर सालोमालो झाला.’

ज्यांनी बोलपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सालोमालो हा त्यातील दांभिक कीर्तनकार. चित्राच्या आरंभीच तुकाराम आपल्याच तंद्रीत अभंग गातो आणि तोच अभंग सालोमालो देवळात स्वतःचा म्हणून गातो. शब्द तेच. पण एकाच्या तोंडी ते शब्द विठ्ठलाकडे जातात आणि दुसऱ्याच्या तोंडी फिरून गाणाऱ्याकडेच येतात. हातवारे, ताना, मान वेळावणे, सारे काही ‘माझ्याकडे पहा’ म्हणून. दिग्दर्शकांनी यावर एका शब्दाचीही टीका केलेली नाही. दोन्ही गाणी दाखविली आणि निवाडा प्रेक्षकावर सोडला. माझ्या पंचेचाळीस अक्षरांनी नेमके सालोमालोचे काम केले होते. मी दामले-फत्तेलालांच्या दृश्यांतील वस्तू उचलल्या होत्या आणि त्या वस्तूंकडे पाहण्याची त्यांची रीत मात्र तेथेच राहिली होती.

दुसरा प्रयत्न, रागावलेला माणूस करतो तसा, दुसऱ्या टोकाला गेला. सारे काढून टाकले. एकाच जाडीची रेघ, कंपासाने काढलेले वाटोळे, पट्टीने मारलेला दंड. अक्काने ते भराभर वाचले, आणि मला वाटले की झाले. पण दुसऱ्या पानावर तिने पुस्तक खाली ठेवले. ‘वाचता येतंय, पण कचेरीतली नोटीस वाचल्यासारखं वाटतं,’ ती म्हणाली. शिवाय घ आणि ध यांची गफलत तशीच होती, किंबहुना वाढली होती. सरळपणा म्हणजे कोरडेपणा नव्हे, हे तिला जेवढे कळत होते तेवढे माझ्या हाताला कळत नव्हते.

यानंतर आम्ही जिजाईला पाहावयास बसलो. हे भाचीचे श्रेय. ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही तुकारामाकडंच बघताय. सिनेमा जिजाईनं उचलून धरलाय.’ ही भूमिका गौरी नावाच्या नटीने केली आहे. ‘प्रभात’मध्ये ती अगदी खालच्या कामावर लागली होती, असे सांगतात. तिचे उभे राहणे पाहावे. पावले जमिनीत रोवलेली, वजन खाली, हात कामात. म्हशीशी बोलावयाचे असो, चुलीशी झटावयाचे असो, नाहीतर प्रत्यक्ष देवाला जाब विचारावयास वहाण हातात घेऊन देवळात शिरावयाचे असो, अंगाचा तोल एकच. आणि कॅमेरा? तो घाई करीत नाही. माणसाला समोरून पाहतो आणि काम संपेपर्यंत थांबतो. चमत्काराच्या वेळीही तीच रीत आहे. तरलेल्या वह्या नदीतून वर येतात तेव्हा चुलीजवळच्या प्रसंगापेक्षा वेगळा थाट केलेला नाही. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत. त्यांच्या चेहऱ्यावरची मृदुता आणि गौरीच्या पायांतले वजन यांची ही सांगड आहे. ती अक्षरात आणावयाची तर कशी?

येथे थोडे कारागिरीचे बोलतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, असे आपण मुलांना शिकवितो. ओळ दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते ती त्यामुळे. मी हे उलटे केले. शिरोरेषा बारीक केली, आणि दंडाचा खालचा भाग वरच्यापेक्षा केसभर जाड केला. केसभरच. भाचीच्या पडद्यावर तो फरक दिसतसुद्धा नाही. पण छापलेल्या पानावर अक्षर टांगलेले न वाटता उभे वाटते. बोरूने लिहिलेल्या पोथ्यांत बोरूच्या तिरक्या कापामुळे रेघ कोठे जाड आणि कोठे बारीक होते. निर्णयसागराचे जावजी दादाजी यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे ठसे कोरले त्यांत बोरूची ही चाल धातूत उतरली, आणि मराठी डोळ्याला ती अजून घरची वाटते. कंपासाने काढलेली एकसारखी रेघ मी सोडली आणि बोरूकडे परत गेलो. मात्र बारीक रेघ फार बारीक होऊ दिली नाही, कारण अक्काच्या डोळ्यांना तीच पहिल्यांदा दिसेनाशी होते.

आणि मग घ-धचा उलगडा झाला. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ, या तिन्ही जोड्यांकडे नीट पाहा. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या अक्षराची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. वर एक लहानशी खिंड राहते आणि तिच्याखाली अक्षराचे टोक वळलेले असते. आपण हे अक्षर ओळखतो ते बहुतांशी त्या खिंडीवरून. नेहमीच्या टाइपांत ती इतकी चिंचोळी असते की शाई पसरली, किंवा वाचणाऱ्याची दृष्टी मंद झाली, की बुजून जाते. मी ती दुप्पट रुंद केली. रेघ वाढविण्याने जे साधले नव्हते ते रेघ थांबविण्याने साधले. हे मला बोलपटानेच शिकविले असे म्हणणे जरा ओढूनताणून होईल. पण कॅमेरा कोठे थांबतो हे महिनोन्महिने पाहिले नसते तर रेघ कोठे थांबते हे मी पाहिले असते की नाही, याची मला शंका आहे. ‘ख’चा प्रश्न त्यामानाने सोपा होता. ‘र’ची शेपटी पुढच्या भागाला खालून जोडली की ‘रव’चा घोळ उरत नाही. ही युक्ती माझी नव्हे, ती लिपीसुधारणेच्या चळवळीतून आली आणि पुष्कळ छापखान्यांनी उचलली.

वाद झाला तो ‘ल’वरून. श्रोतेहो, इंदूरचा मराठी माणूस दोन ‘ल’ घेऊन जगतो. घरच्या गाथेत पाकळ्यांचा मराठी ‘ल’, आणि दारावरच्या पाटीवर, शाळेत, वर्तमानपत्रात दंडाचा हिंदी ‘ल’. होळकरांच्या मागोमाग आमची घराणी येथे आली त्याला अडीच-तीन शतके होत आली. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठच्या या वस्तीत मराठी अजून बोलली जाते, पण आमची नातवंडे ती हिंदीच्या डोळ्यांनी वाचतात. भाचीचा मुलगा पाकळ्यांच्या ‘ल’पाशी हटकून थांबतो. तेव्हा भाची म्हणाली की दंडाचा घ्यावा, म्हणजे मुलांनाही वाचता येईल. अक्का म्हणाली, ‘विठ्ठल असा लिहितात होय?’ मी दोन्ही काढून ठेवले. पुस्तकात पाकळ्यांचा छापला, कारण पुस्तक अक्कासाठी होते. भाचीचे म्हणणे चुकीचे होते असे मात्र मला अजूनही वाटत नाही. ‘ळ’च्या बाबतीत वाद नव्हता, अडचण होती. हिंदीत त्याचे काम क्वचितच पडते, म्हणून येथे मिळणाऱ्या कितीतरी टाइपांत तो पाहुण्यासारखा अवघडून बसलेला असतो. तुकोबांच्या ओळीत तर तो पावलोपावली भेटतो. टाळ काढून टाकून मी तो सात वेळा काढला.

एक शंका मनात राहिली आहे, ती लपवीत नाही. या बोलपटात ‘आधी बीज एकले’ हे पद आहे. ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रासाठी नव्याने लिहिले, पण ते इतके बेमालूम उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच समजून गाथेत शोधले. आठवल्यांनी कोणाला फसविले नव्हते. ऐकणाराच आपण होऊन फसला. आमचे नवे अक्षर पाहून मंडळातील एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, ‘हा जुना टाइप कोठे मिळाला?’ मला आनंद झाला, आणि लगेच जरा संकोचही वाटला. जे कालपरवा संगणकावर जन्मले त्याला जुनेपणाचा मान मिळावा का? अक्काला मी हे बोलून दाखविले. तिने विचारले, ‘तुला मान हवाय का मला अभंग?’ हा प्रश्न ऐकून मी गप्प झालो, इतकेच सांगतो.

गेल्या आषाढी एकादशीपूर्वी निवडक सव्वाशे अभंगांची पुस्तिका छापून झाली. प्रती शंभर. ओळी विरळ, शब्दांत अंतर सैल, पानावर एकच अभंग. एकादशीला अक्का आली. तिने आपल्या नेहमीच्या जागी बसून पुस्तिका मांडीवर ठेवली, भिंग बाजूला सारले आणि पहिला अभंग सांगितला. तिसऱ्यात एकदा अडखळली, तो दोष अक्षराचा होता. ‘ष’ आणि ‘प’ अजून पुरेसे वेगळे झालेले नाहीत, पोटातील तिरपी रेघ ठळक हवी. चवथ्या अभंगाच्या वेळी तिने पुस्तिका मिटली. माझ्या पोटात धस्स झाले. पण तो अभंग तिला पाठच होता.

सध्या माझ्या मेजावर ‘ङ’ आणि ‘ञ’ पडून आहेत. सव्वाशे अभंगांत त्यांची गरज कोठेच लागली नाही, म्हणून ते राहून गेले. पण मंडळातील एकांना याच अक्षरात आपल्या वडिलांचे एक जुने टिपण छापावयाचे आहे, आणि त्याच्या मथळ्यातच ‘वाङ्मय’ हा शब्द आहे. ‘ङ’चा टिपका बाहेर कितपत लांब ठेवावा, यावर भाचीचे आणि माझे एकमत होत नाही. अक्काने पाहिल्यावर ठरवू.